दोनशे सातची बैठक

गाडीचा क्लच गेला तर घरात कोणी जेवायचं थांबत नाही. मिस्त्रीला फोन जातो, मिस्त्री 'टाकून जा' म्हणतो, बिल येतं, बिलावर थोडी कुरकुर होते आणि विषय संपतो. क्लचप्लेट काळी की करडी, हे घरातल्या कोणालाही ठाऊक नसतं. गिअरबॉक्स खोलला, पाटे बदलले, रेडिएटर झाळून घेतला, तरी तो मालक आणि मिस्त्री यांच्यातला खाजगी मामला. सीटचं तसं नाही. सीट बदलायची म्हटली की त्या गाडीतून उभ्या आयुष्यात एकदाच स्टेशनपर्यंत गेलेल्या माणसालाही मत असतं. स्टिअरिंगला फक्त ड्रायव्हरचे हात लागतात. सीटवर सगळे बसलेले असतात.

आमच्याकडे हा विषय उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर निघाला आणि होळीपर्यंत चालला. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, मंडप-डेकोरेशनचा धंदा करतात. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, गोडाऊन वाडीत. लग्नं, मुंजी, बारशी, गणपती, नवरात्र, कोणाच्या तरी एकसष्टीचा सत्कार: बडोद्यातल्या माणसाने चारचौघांत बसायचं ठरवलं की दादाच्या गोडाऊनचं शटर वर जातं. आणि हा सगळा पसारा वाहायला त्यांच्याकडे एक जुनी टाटा २०७ आहे. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल काढली, तिच्याच वंशातली ही. पुण्याच्या कारखान्यात जन्मली, बडोद्यात नांदली. तिच्या मागच्या हौद्यात सांखेड्याचे लाखेचे सोफे जातात, लाल मखमलीच्या महाराजा खुर्च्या जातात, नवरा-नवरीचं सोनेरी सिंहासन जातं. सिंहासनाला ओरखडा पडू नये म्हणून त्याच्याभोवती गोधड्या बांधलेल्या असतात. पुढे स्टिअरिंगमागे दादा मात्र ज्यावर बसत होते, त्याला सीट म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार होता.

त्या सीटचे थर होते. सगळ्यात वर पांढरा टर्किश टॉवेल, सरकारी साहेबाच्या खुर्चीवर असतो तसाच. त्याखाली लाकडी मण्यांची जाळी, कारण मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या पुढे सरकला की रेक्झिन पाठीला सोडत नाही. जाळीखाली मंडपाच्या कापडाची घडी. त्याखाली कधीकाळी हौसेने शिवून घेतलेलं मखमली कव्हर. त्याच्याखाली मूळचं रेक्झिन, आणि त्याच्या भेगांतून डोकावणारा काथ्या. सगळ्यात तळाशी एक स्प्रिंग होती. ती मधूनमधून वरच्या सगळ्या थरांना न जुमानता थेट दादांशी संपर्क साधत असे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्वाचा नामांकित विभाग आहे. देवनी मोरीचा बौद्ध स्तूप तिथल्याच मंडळींनी १९६०च्या दशकात खणून काढला. ती मंडळी इथे आली असती तर निदान एका प्रबंधाची सोय झाली असती.

उत्तरायणाला गच्चीवर उंधियू वाढता वाढता वहिनींनी जाहीर केलं, की यंदा सीट बदलायचीच. निमित्त दादांच्या कमरेचं होतं. मणक्याच्या डॉक्टरांनी त्यांना बरंच काही समजावलं होतं. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त बाधते म्हणे, आणि जुन्या मालवाहू गाड्या नेमकी त्याच मापाची थरथर प्रेमाने पुरवतात. सीटचं काम ती थरथर मधल्यामध्ये गिळायचं. बसून दगड झालेली सीट ती गिळत नाही, पुढे पाठवते. दादांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा विकत घेतला. गाडीच्या दुखण्यावर स्वतःला पट्टा बांधायचा, असा तो तोडगा होता.

"लोक माझ्या खुर्चीवर तीन तास बसतात आणि त्याचं भाडं मोजतात," दादा म्हणाले. "मी दिवसभर बसतो, मला कोण देतं?"

"म्हणूनच म्हणते, जरा बऱ्यावर बसा," वहिनी म्हणाल्या.

इथे पुतण्याने तोंड घातलं. तो मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला आहे. ज्याच्या टेबलावर संगणक असतो त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे आणि तो त्यानेच पसरवलेला आहे. त्याचं म्हणणं, कुशन कसलं भरून घेता, हायवेला भंगारवाल्याकडे अपघातातल्या मोटारींच्या सीटा मिळतात. डोकं टेकायला उशी, मागेपुढे सरकायची सोय, पाठ हवी तेवढी कलती. दोन सुट्या सीटा आणायच्या, चार बोल्ट मारायचे, काम खल्लास.

"दोन?" वहिनींनी विचारलं. "मग मी कुठे बसू?"

गच्चीवर एकदम शांतता पसरली. शेजारच्या गच्चीवरून पतंग कापल्याची 'काप्यो छे' अशी आरोळी आली, तीही प्रसंगाला धरूनच वाटली.

वहिनींची जागा मधली. दोनशे सातमध्ये ड्रायव्हरची सीट वेगळी आणि क्लीनरकडची जोडसीट. त्या जोडसीटवर खिडकीशी क्लीनर नाहीतर घरातलं एखादं वडीलधारं माणूस, आणि मध्ये वहिनी. गिअरचा दांडा त्यांच्या उजव्या गुडघ्याशी. पहिला आणि दुसरा गिअर डावीकडे पडतो, त्यामुळे सिग्नल सुटला की वहिनींनी गुडघा आवरायचा, तिसरा पडला की पुन्हा ऐसपैस व्हायचं. रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंतच्या गर्दीत हे गुडघा आवरणं आणि सोडणं इतक्या वेळा होतं, की ती गाडी दोघं मिळून चालवतात असं म्हणायला हरकत नाही. गणपती आणताना त्याच मधल्या जागेवर मांडीत पूजेचं ताट धरून वहिनी बसतात. मूर्ती मागे हौद्यात माणसांनी धरलेली, पुढे ताट वहिनींनी धरलेलं. दोन सुट्या सीटा बसवल्या की मधे काय उरतं? पाण्याची बाटली ठेवायचा खड्डा. सुटी सीट चांगली असते, मान्य आहे. पण 'जरा सरकून घ्या' हे वाक्य तिच्यावर बसून म्हणता येत नाही. आणि मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात सुखाने राहिला तो 'जरा सरकून घ्या' एवढ्याच भांडवलावर, असं माझं मत आहे.

दादांनी लगेच कायद्याचा आधार घेतला. एरवी ते कायद्याच्या वाटेला जात नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय सांगतं? गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं आहे. आरसी बुकात माणसं किती बसणार ते लिहिलेलं असतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस काढावं लागतं, तिथे साहेबाने सीटा मोजल्या तर? नाहीतरी २०२१पासून स्क्रॅप धोरण आलंय, जुन्या गाड्यांवर सरकारचा डोळा आहेच. या भाषणाचा खरा हेतू जुनी सीट वाचवण्याचा आहे, हे आम्हाला कळत होतं. पण कलमाचा आकडा बरोबर असल्यामुळे कोणी काही बोललं नाही.

तरीही पुतण्याने एक रविवार गाठून भंगारातली एक सीट आणलीच. करड्या कापडाची, देखणी, कुठल्याशा छोट्या मोटारीतली. मूळच्या सीटचे गंजलेले बोल्ट सोडवताना दोन पाने सटकले आणि एका बोल्टाचं डोकं तुटलं. सीट निघाली तेव्हा तिच्याखाली त्या गाडीचं दप्तर सापडलं. चार आण्याची नाणी, जी जून २०११नंतर चलनातच नाहीत. जकात नाक्याची पावती. गुजरातने जकात २००७ साली उठवली, म्हणजे पावती त्याआधीची. गरब्याचा पास. सुपारीची पुडी. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, वर हळदीचं बोट. आणि दहा नंबरचा एक पाना. या पान्याच्या चोरीवरून दादांनी पूर्वी एका क्लीनरला कामावरून काढलं होतं. पाना हातात घेऊन ते बराच वेळ उलटसुलट करत राहिले, मग खिशात टाकला. वहिनींनी काही विचारलं नाही.

नव्या सीटची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात. ती जुळायची नव्हतीच. मोटारीची सीट मोटारीच्या फरशीसाठी बनलेली असते, तिच्या सरकत्या पट्ट्यांचं माप वेगळं. मग लोखंडी अँगलचे तुकडे वेल्डिंग करून खाली घोडी केली. सीट बसली, पण तेवढी वरही आली. दादा चढून बसले तर टोपी छताला टेकली, गुडघे स्टिअरिंगला, आणि समोरच्या काचेतून दुकानांच्या पाट्या दिसायच्या बंद होऊन खालचा रस्ता तेवढा दिसू लागला. सूरसागराला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "तळ्यातल्या महादेवाचं दर्शन बंद. माणसं दिसतात, तीही गळ्यापर्यंत." सीट त्याच संध्याकाळी परत गेली. भंगारवाल्याने निम्मे पैसे दिले आणि घोडीचं लोखंड ठेवून घेतलं.

बसण्याच्या बाबतीत बडोदं एरवी कधी मागे हटलेलं नाही. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमाराला मोत्यांचा गालिचा करवला. तो २००९ साली दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. त्यांच्याच काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली, आणि ती ओढायला बैल होते. मोत्यांवर अंथरायचं आणि बैलांनी रेल्वे ओढायची, या दोन्ही गोष्टी एकाच राजाला सुचू शकतात, हे बडोद्याबाहेरच्या माणसाला पटवणं अवघड. पुढे खंडेरावांच्या मागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून उतरवलं आणि मालेगावजवळच्या कवळाण्याहून गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आणून बसवला. तेच सयाजीराव. बसणारा मुळात कुठला, यावर या गावाने कधी फार काथ्याकूट केला नाही. नीट बसला म्हणजे झालं. दादांच्या गिऱ्हाइकांना हल्ली 'राजवाडा थीम' हवी असते, म्हणजे पाठीवर चार फुटी नक्षी असलेली खुर्ची. दादा त्यांना सांगतात, "अहो, खरे राजे जमिनीवर गादी टाकून लोडाला टेकत होते. ती देतो, स्वस्त पडेल." आजवर एकानेही ती घेतली नाही.

शेवटी प्रकरण मांडवीच्या बाजूच्या एका गल्लीत, कुशनवाल्या चाचांकडे गेलं. खरं तर पहिल्या दिवशीच तिथे जायला हवं होतं. पण जवळचा उपाय आधी करायचा नाही, ही कौटुंबिक शिस्त आहे. चाचांचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे ठोकळे आणि फुटपाथवर ओळीने मांडलेल्या निराधार सीटा. रिक्षाच्या, स्कूटरच्या, एक दंतवैद्याची. चाचांनी दादांची सीट उलटी केली, सुलटी केली, खळग्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "दादा, आ सीट नथी, आ तो तमारी जनमकुंडळी छे."

मग त्यांनी ती वाचली. पाकीट मागच्या उजव्या खिशात ठेवता, म्हणून खळगा तिरपा. चढता-उतरता उजव्या कडेवर सगळं वजन टाकता, म्हणून कड आधी फाटली. हे सगळ्या ड्रायव्हरांचं असतं. पण डावा पुढचा कोपरा बघा, कोराच आहे. डावा पाय सीटवर टेकतच नाही तुमचा, कायम क्लचवर अधांतरी. क्लचप्लेटी लवकर जातात ना? दादा माझ्याकडे बघायचे टाळून रेक्झिनचे रंग बघू लागले. इतकी वर्षं मिस्त्रीला शिव्या देण्यात गेली होती.

चाचांनी सीटचं माप घेतलं नाही, दादांचं घेतलं. एका पालथ्या डब्यावर बसायला सांगितलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत वीत लावली, पाठीमागे उभं राहून नुसतं बघितलं. मग जुनं कव्हर ब्लेडने शिवणीवर उसवून तुकडे सुटे केले. तोच फर्मा. नव्या रेक्झिनवर ते तुकडे अंथरून खडूने रेघा मारल्या, पण खळग्यामुळे ताणलेल्या ठिकाणी रेघ आत घेतली. दादांचा आकार नव्या सीटला नको, म्हणाले. तुटलेल्या नागमोडी स्प्रिंगा काढून नव्या ओवल्या. स्प्रिंगांवर गोणपाट, नाहीतर त्या फोम कापतात. आधीच्या कारागिराने तो घातलाच नव्हता, असं चाचांनी दुःखाने सांगितलं. कुठलाही कारागीर आधीच्याबद्दल हे सांगतोच, पण इथे पुरावा दादांच्या कमरेत होता.

फोमवर दोघांची बरीच चर्चा झाली. दादांना मऊ हवा होता. चाचा म्हणाले, मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि वाघोडियाच्या रस्त्यावर बसतो. बत्तीस डेन्सिटीचा की चाळीसचा, हा प्रश्न होता. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. जितका जड, तितका दमदार. शेवटी खाली कडक चुरा फोम, वर चाळीसचा, आणि अगदी वर बोटभर मऊ, तो फक्त दादांच्या समाधानासाठी. जुना काथ्या चाचांनी झटकून बाजूला ठेवला. हा रबराचा चीक मारलेला काथ्या एके काळी सगळ्या गाड्यांत असे. मग ओटो बायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ साली जे पॉलियुरेथेन शोधलं, त्याचा फोम सगळीकडे आला आणि नारळाचा संबंध गाडीपुढे फोडण्यापुरता उरला. रेक्झिनही आता पीव्हीसीचं. गंमत म्हणजे याचा कच्चा माल आमच्या अंगणातला. कोयलीची रिफायनरी १९६५ची, तिच्याशेजारी १९६९ साली आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी आली. रात्री तिथल्या ज्योतींनी त्या बाजूचं आकाश तांबूस दिसायचं आणि आम्ही मुलं त्याला सूर्य मावळलाच नाही म्हणायचो. त्या ज्योतींखाली एवढा मोठा उद्योग चालू होता आणि त्यातून अखेर माणसाच्या बुडाखालचं कापड निघणार होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

याच शहरात १८९० साली कलाभवन उघडलं. हात आणि डोकं एकत्र शिकवायचं, ही सयाजीरावांच्या राज्यातली कल्पना. दादासाहेब फाळके तिथे शिकले. चाचा तिथे शिकलेले नाहीत, वडिलांच्या मशीनखाली बसून शिकले. पण फोम कापताना ब्लेड पाण्यात बुडवून घेतात आणि रेक्झिन ताणताना आधी मधे, मग कोपऱ्यांना, असं पक्कडीने तारेच्या कड्या आवळत जातात. ते बघताना मला वाटलं, परीक्षा घ्यायची तर कलाभवनवाल्यांनी इथेच यावं. जोडसीटच्या वेळी वहिनी स्वतः दुकानात आल्या. मधल्या जागेचा फोम उजवीकडे दोन बोटं कमी करा, गुडघा आवरायला जागा लागते, असं त्यांनी सांगितलं. चाचांनी एवढ्या वर्षांत असली मागणी ऐकली नसावी. त्यांनी हनुवटीला खडू लावून विचार केला आणि कोपरा गोल कापून दिला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

रंगावरून मात्र थोडं बिनसलं. पुतण्याला काळा हवा होता, लाल पायपिंगसह. वहिनींना चॉकलेटी, मळखाऊ. दादांनी न बोलता महाराजा खुर्चीच्या मखमलीचा लाल निवडला. गोडाऊनमध्ये ठिगळाला तोच रंग भरपूर पडलेला असतो, हे त्यामागचं खरं कारण. आता दोनशे सात हौद्यात लाल खुर्च्या आणि केबिनमध्ये लाल सीटा घेऊन फिरते. टॉवेल पहिल्याच दिवशी परत आला. मण्यांची जाळी मे महिन्यापर्यंत थांबायची म्हणते.

पहिले काही आठवडे दादा नव्या सीटवर परक्या घरी बसावं तसे बसत. खळगा नाही, त्यामुळे वळणावर अंगाला आधार नाही. डावीकडे वळताना ते उजवीकडे घरंगळत, उजवीकडे वळताना वहिनींकडे. कमरेचं दुखणं कमी झालं, पण ते कबूल करण्याइतकं कमी झालं नव्हतं. पाकीट शर्टाच्या खिशात गेलं. डावा पाय अजूनही क्लचवरच असतो. चाचांनी निदान केलं होतं, उपचार नाही.

जुनी ड्रायव्हर सीट भंगारात द्यायला दादा तयार झाले नाहीत. म्हणजे चौकट चाचांनी नव्या कामात वापरली; उरलं ते जुनं कुशन, काथ्या, काढलेल्या स्प्रिंगा आणि उसवलेलं फाटकं रेक्झिन. दादांनी ते सगळं पुन्हा टाचून, खाली एक लाकडी चौकट ठोकून गोडाऊनमध्ये विटांवर मांडलं, आणि महाराजा खुर्च्यांच्या रांगेत बसून परत आलेल्या खुर्च्या मोजायला ते वापरू लागले. परवा अलकापुरीतलं एक जोडपं लग्नाचं सामान ठरवायला आलं होतं. फोटोशूटची थीम व्हिंटेज. मुलीने सोनेरी सिंहासनं बघितली, सांखेड्याचा सोफा बघितला, नाक मुरडलं, आणि मग तिची नजर कोपऱ्यात गेली. काथ्या बाहेर आलेला, उजवी कड फाटलेली, बसल्या जागी तिरपा खळगा.

"अंकल, ये कितने का?"

दादा उठून बाजूला झाले, सीटवर हात फिरवला आणि शांतपणे महाराजा खुर्चीच्या दुप्पट भाडं सांगितलं. डिपॉझिट वेगळं. "ओरिजिनल है," ते म्हणाले, "स्प्रिंग के साथ."